जगप्रदक्षिणेचं तिकीट: कर आणि अधिभारांचा हा कागद वाचायचा कसा?

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आई-बाबांच्या लग्नाला यंदा ४५ वर्षं होताहेत. भाऊ लंडनला, बहीण न्यू जर्सीत, मामेभाऊ सिंगापूरला. सगळ्यांच्या घरी एकेकदा जाऊन यायचं असं दोघं कितीतरी वर्षं म्हणताहेत. आम्ही भावंडांनी ठरवलं की एकाच फेरीत सगळं उरकू. सोबत माझा मुलगा जाईल, तो १४ वर्षांचा आहे. आजीचं गुडघ्याचं दुखणं आणि विमानतळावरचं चालणं बघता कुणीतरी हाताशी हवंच.

मार्ग असा: मुंबई–लंडन–न्यूअर्क–सॅन फ्रान्सिस्को–टोकियो–सिंगापूर–मुंबई. टोकियो कुणाच्या घरासाठी नाही, ते आईच्या हट्टासाठी. तिला तिथली चेरीची फुलं बघायची आहेत.

इथल्या एका एजंटकडून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या आघाडीच्या राउंड द वर्ल्ड तिकिटाचा अंदाज घेतला. माणशी भाडं २,१८,००० रुपये, आणि त्याखाली "टॅक्सेस अँड सरचार्जेस" म्हणून ८६,४००. तिघांच्या तीन कागदांवर अगदी तोच आकडा. भाड्याच्या चाळीस टक्के कर? बाबा एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होते. त्यांनी कागद हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "हे कुणाकुणाला जातं?" मला उत्तर देता आलं नाही. एजंट म्हणाले, सिस्टीमच लावते, आमच्या हातात काही नाही. माणूस सज्जन आहे, खोटं बोलत नसावा. पण दोन लाख ५९ हजारांचा हिशेब कुणाला सांगता येत नाही, हे मनाला पटत नाही.

इथे कुणी असं तिकीट काढलंय का? हे पैसे जातात कुठे, आणि त्यातलं काही आपल्या हातात असतं का?

सह्यवाटा

उत्तम धागा. मलाही दोन वर्षांनी असंच जायचंय. वाचनखूण साठवली.

तिकीटखिडकी

गोदाकाठ, मी मुंबईत २६ वर्षं तिकीट काउंटरवर काढली. तुमच्या बाबांनी विचारलेला प्रश्नच खरा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

त्या ८६,४०० मध्ये दोन अगदी वेगळ्या जातींचे पैसे एकत्र कोंबलेले असतात. एक म्हणजे सरकारांचे आणि विमानतळांचे. विमान कंपनी ते फक्त गोळा करते आणि पुढे भरते. दुसरे विमान कंपनीने स्वतःच लावलेले आणि स्वतःच्याच खिशात ठेवलेले. त्यांना कर म्हणणंच चूक आहे. त्यांचे कोड वायक्यू आणि वायआर. इंधन अधिभार म्हणून लोक ओळखतात ते हेच.

एजंटला सांगा, मला एकूण आकडा नको, करांची फोड हवी. तिकिटावर करांसाठी जेमतेम तीन रकाने असतात. इतक्या देशांतून जाताना कर वीस-पंचवीस होतात. म्हणून पहिले दोन सुटे छापतात आणि उरलेल्यांची बेरीज तिसऱ्या रकान्यात एक्सटी या नावाखाली टाकतात. एक्सटी हा कर नाही, ते गाठोडं आहे. ते सुटतं भाडे-गणनेच्या लांबलचक ओळीत. त्या ओळीत शहरांचे तीन-तीन अक्षरी कोड असतात, मध्ये विमान कंपन्यांचे दोन अक्षरी कोड, मग एनयूसी हे हिशेबापुरतं मानलेलं चलन, मग आरओई म्हणजे विनिमय दर, आणि शेवटी एक्सटी लिहून त्यापुढे एकेक रक्कम आणि कोड. बाबांना भिंग आणि पेन्सिल द्या. कंडक्टरला वेबिल जुळवायची सवय असते, हे त्याहून फार वेगळं नाही.

कोड ओळखायला: के३ म्हणजे आपला जीएसटी. जीबी म्हणजे ब्रिटनची एअर पॅसेंजर ड्यूटी. यूबी म्हणजे तिथल्या विमानतळाचं प्रवासी शुल्क. यूएस दोनदा दिसेल, अमेरिकेत येताना एक आणि निघताना एक. वायसी, एक्सवाय, एक्सए हे अमेरिकेचे कस्टम्स, इमिग्रेशन आणि शेतमाल तपासणीचे. एवाय हा ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर लागलेला सुरक्षा आकार. एक्सएफ अमेरिकी विमानतळांचा, त्यापुढे विमानतळाचं नावही छापलेलं असतं. एसडब्ल्यू आणि ओआय जपानच्या विमानतळांचे, टीके हा जपानचा निर्गमन कर. तो २०१९ च्या जानेवारीत १००० येनने सुरू झाला.

फोड आली की इथे टाका, आपण मिळून बघू.

मीठभाकर

प्रश्न: सरकारला कर लावायचाच असेल तर इंधनावर लावावा. प्रत्येक प्रवाशाच्या तिकिटावर असे तुकडे का?

तिकीटखिडकी

@मीठभाकर, याचं मूळ १९४४ च्या शिकागो करारात आहे. विमानाच्या टाकीत असलेल्या इंधनावर उतरलेल्या देशाने जकात घ्यायची नाही असं त्यात ठरलं, आणि पुढे देशादेशांतल्या द्विपक्षीय करारांनी आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भरलेलं इंधनही करातून सोडलं. इंधनाला हात लावता येत नाही म्हटल्यावर सरकारं प्रवाशाकडे वळली. ब्रिटनने १९९४ च्या नोव्हेंबरात सुरुवात केली, जर्मनीने २०११ मध्ये.

कंपन्यांच्या अधिभाराची गोष्ट निराळी आहे. २००४ च्या सुमारास तेल भडकलं तेव्हा भाडं वाढवण्याऐवजी कंपन्यांनी वेगळी ओळ टाकली. भाड्यावर एजंटला कमिशन द्यावं लागायचं, मोठ्या ग्राहकांना टक्केवारीने सूट द्यावी लागायची. अधिभारावर यातलं काहीच लागत नव्हतं. पुढे तेल स्वस्त झालं तरी ती ओळ पूर्णपणे कधीच गेली नाही. काउंटरवर बसून मी हे बघितलंय, आणि मला ते आजही पटत नाही. विमान उडवायला इंधन लागतंच, मग ते भाड्याबाहेर कसं?

थेम्सकाठ

तिकीटखिडकी यांना अनुमोदन. इकडे तर त्या अधिभारावरून मोठं प्रकरण झालं होतं. ब्रिटिश एअरवेजचा लांब पल्ल्याच्या परतीच्या तिकिटावरचा इंधन अधिभार २००४ च्या ऑगस्टमध्ये ५ पौंड होता, तो २००६ च्या सुरुवातीपर्यंत ६० झाला. त्या काळात प्रतिस्पर्धी कंपनीशी संगनमत केल्याबद्दल २००७ मध्ये दंड झाले. एकट्या अमेरिकेच्या न्याय खात्याने ३० कोटी डॉलर लावले.

आता जीबीबद्दल, म्हणजे एअर पॅसेंजर ड्यूटीबद्दल. ब्रिटनमध्ये उतरण्यावर हा कर नाही, निघण्यावर आहे. लंडनपासून तुम्ही जात असलेल्या देशाच्या राजधानीचं अंतर मोजतात. २००० मैलांपर्यंत पहिला पट्टा, ५५०० पर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. १ एप्रिल २०२६ पासून सर्वांत खालच्या वर्गाला १५, १०२ आणि १०६ पौंड. वरच्या वर्गांना ३२, २४४ आणि २५३. इथे एक खड्डा आहे: प्रीमियम इकॉनॉमी वरच्या वर्गात मोजतात. पाय पसरायला थोडी जागा मिळते आणि कर दुपटीहून जास्त बसतो. आई-बाबांसाठी तो विचार असेल तर लंडनहून निघणाऱ्या विमानापुरता तरी हिशेब करून बघा.

अंतर राजधानीचं असल्यामुळे न्यूअर्कला जा की सॅन फ्रान्सिस्कोला, वॉशिंग्टनच धरतात, म्हणजे दुसरा पट्टा. फेरी उलट केलीत आणि लंडनहून शेवटी मुंबईला आलात तरी दिल्ली दुसऱ्याच पट्ट्यात. म्हणून दिशा बदलून इथे काही वाचणार नाही.

लंडनमध्ये २४ तासांच्या आत पुढचं विमान धरलं तर हा कर लागत नाही. पण तुम्ही भावाकडे राहणार, त्यामुळे लागणारच. ज्येष्ठ नागरिकांना सूट नाही. १६ वर्षांखालच्या मुलांना मात्र खालच्या वर्गात २०१६ पासून माफ आहे.

सह्यवाटा

एका ठिकाणी वाचलं की लंडनहून रेल्वेने पॅरिसला जायचं आणि तिथून अमेरिकेचं विमान धरायचं, म्हणजे १०२ पौंड वाचतात. गोदाकाठ यांना हे जमेल का?

थेम्सकाठ

युक्ती खरी आहे, पण ती युरोपियन पासपोर्टवाल्यांची. आपला हिशेब बघा. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो, ९० युरो. पॅरिसहून लांबच्या उड्डाणाला फ्रान्सचा एकता कर आहे, मार्च २०२५ पासून इकॉनॉमीला ४० युरो. इथेच १३० युरो झाले, म्हणजे वाचलेल्या १०२ पौंडांहून जास्त. वर रेल्वेचं भाडं, फ्रेंच विमानतळाचं शुल्क आणि व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मारलेली चक्कर. शिवाय राउंड द वर्ल्ड तिकिटात जमिनीवरचा तुकडाही मैलांत आणि टप्प्यांत धरला जातो. पॅरिस बघायचंच असेल तर जरूर जा. कर वाचवायला सत्तरीतल्या माणसांना गाडी बदलायला लावू नका.

हडसनपार

अमेरिकेची बाजू मी सांगते. येण्याचा आणि जाण्याचा कर २०२५ साली प्रत्येकी २२.९० डॉलर होता, महागाईप्रमाणे दर वर्षी थोडा वाढतो. इमिग्रेशनचे ७. सुरक्षा आकार ५.६०, तुमच्या मार्गात दोनदा, कारण न्यूअर्कला राहून पुढे निघताय आणि सॅन फ्रान्सिस्कोला राहून पुन्हा. विमानतळाचा आकार जास्तीत जास्त ४.५०, तोही दोनदा. कस्टम्स वगैरे धरून माणशी ८० ते ९० डॉलर. यात कमी करण्यासारखं काही नाही.

बहिणीला भेटून लगेच पुढे जाऊ नका हं, आईंना जेट लॅग उतरायला चार दिवस तरी द्या.

हिशेबनीस

जीएसटीबद्दल दोन ओळी. मुंबईहून सुरू होणाऱ्या तिकिटावर इकॉनॉमीला ५ टक्के. वरच्या वर्गांना आधी १२ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८. हा कर फक्त मूळ भाड्यावर लागत नाही, कंपनीच्या अधिभारावरही लागतो. म्हणजे वायक्यू कमी झाला की जीएसटीही कमी होतो.

आणि एजंट टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने बिलातच गोळा केलेला आयकर, लावतोय का तेही बघा. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस असतो. नुसतं विमानाचं तिकीट म्हणजे पॅकेज नव्हे, हे प्रत्यक्ष कर मंडळाने जून २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. त्याच बिलात हॉटेल घातलं की चित्र बदलतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटनी फोड पाठवली, दीड पान आहे. बाबांनी आल्या आल्या ती देवघराजवळच्या टेबलावर पसरली, वहीत रेघा मारल्या आणि दोन रकाने केले. एकावर "सरकारचे", दुसऱ्यावर "त्यांचे स्वतःचे".

वायक्यू आणि वायआर मिळून ३९,४५०. के३ म्हणजे जीएसटी १२,८७२. जीबी १२,०५०. बाकी सगळं मिळून २२,०२८, त्यात अमेरिका, जपान, सिंगापूर, हीथ्रो आणि मुंबई. बेरीज बरोब्बर ८६,४००.

म्हणजे "कर" म्हणून दाखवलेल्या पैशातला जवळजवळ निम्मा कर नाहीच! बाबा म्हणाले, आमच्या तिकिटातही साडेसतरा टक्के प्रवासी कर असायचा, पण तो सरकारचा होता. डिझेल महागलं म्हणून महामंडळाने भाडंच वाढवलं आणि ते बाहेर फलकावर लिहिलं.

आता या ३९,४५० चं काही करता येतं का?

तिकीटखिडकी

बाबांना माझा नमस्कार सांगा. दोन रकाने ही योग्य पद्धत.

करता येतं, थोडंफार. अधिभार ठरतो दोन गोष्टींवर: तिकीट कोणत्या विमान कंपनीच्या नावावर निघालंय, आणि कोणत्या टप्प्यावर कुणाचं विमान आहे. तिकीट क्रमांकाचे पहिले तीन आकडे बघा. ०९८ म्हणजे एअर इंडिया, २२० लुफ्तान्सा, ०१६ युनायटेड, ६१८ सिंगापूर एअरलाइन्स, २०५ ऑल निप्पॉन. भाडं अलायन्सचं एकच असलं तरी अधिभार प्रत्येक कंपनीचा वेगळा. एजंटला सांगा की सॅन फ्रान्सिस्को–टोकियो आणि टोकियो–सिंगापूर या दोन टप्प्यांवर अलायन्समधली दुसरी कंपनी घालून पुन्हा किंमत काढा. जपानी कंपन्या दर दोन महिन्यांनी सिंगापूरच्या केरोसीनच्या (विमान इंधनाच्या) भावावरून अधिभार बदलतात, आणि लागू होतो तो तिकीट काढलेल्या दिवसाचा, उडण्याच्या दिवसाचा नाही. त्यामुळे बदल जवळ आला असेल तर आठवडाभर थांबणं किंवा घाई करणं दोन्हीला अर्थ असतो.

दुसरं, मैल. स्टार अलायन्सच्या पायऱ्या २९, ३४ आणि ३९ हजार मैलांच्या. तुमचा मार्ग साधारण साडेएकवीस हजार भरतो. म्हणजे सात हजारांवर मैल वाया जाताहेत. एवढ्या सरळ मार्गाला सुटी तिकिटं किती पडतात तेही एकदा काढून बघा. वनवर्ल्ड या दुसऱ्या आघाडीचं एक्सप्लोरर तिकीट मैल मोजत नाही, खंड मोजतं. पण त्यांच्यात भारतीय कंपनी नाही.

गोदाकाठ

सुटी तिकिटं बघितली. थोडी स्वस्त पडतात, पण तारीख बदलली की प्रत्येक वेळी दंड. आईच्या गुडघ्याचा भरवसा नाही. एकच तिकीट, वर्षभर वैध, तारखा बदलता येणारं, यातच मला शांत झोप लागेल.

मीठभाकर

मग एक विचारून ठेवा: मध्येच एखादा टप्पा सोडावा लागला तर त्या टप्प्याचे कर परत मिळतात का? माझ्या सासऱ्यांना प्रवास अर्ध्यात सोडून यावं लागलं होतं. कंपनीने "तिकीट नॉन-रिफंडेबल" एवढं एक वाक्य पाठवलं आणि आम्ही गप्प बसलो. आज हे वाचून वाटतंय, उगीच गप्प बसलो.

तिकीटखिडकी

मागायला हवे होते. जो प्रवासी उडालाच नाही त्याचा निर्गमन कर कंपनीला सरकारकडे भरावाच लागत नाही. मग तो ठेवून कसा घ्यायचा? आपल्या डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नियम २०१६ पासून स्पष्ट आहे: मूळ भाडं परत न मिळणारं असलं तरी वैधानिक कर आणि यूडीएफ, पीएसएफसारखी विमानतळ शुल्कं परत द्यायची, प्रवासी आलाच नाही तरीही. परदेशी कंपन्यांना त्यांच्या देशाचे नियम लागतात, पण लेखी अर्ज करायचाच, त्यात प्रत्येक कराचा कोड आणि रक्कम लिहून. "माझे कर परत करा" असं मोघम लिहिलं तर मोघम उत्तर येतं. वायक्यू मात्र कंपन्या भाड्याचाच भाग मानतात, आणि परत न मिळणाऱ्या तिकिटात तो सहसा देत नाहीत. ती दीड पानाची फोड जपून ठेवा, फाइलमध्ये आणि फोनमध्येही.

अजून एक. नुसती तारीख बदलली तर सहसा कर हलत नाहीत. शहर बदललं तर तिकीट नव्याने निघतं आणि सगळे कर त्या दिवसाच्या दराने पुन्हा मोजतात. तेव्हा मार्ग आताच पक्का करा.

गोदाकाठ

कालची गोष्ट लिहायला आलेय.

एजंटनी सॅन फ्रान्सिस्को–टोकियोची कंपनी बदलली. वायआर माणशी ४,६०० ने उतरला, आणि हिशेबनीस म्हणाले तसा जीएसटीही २३० ने. तिघांचे मिळून साडेचौदा हजारांच्या आसपास.

पण खरी गोष्ट पुढे आहे. रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी थेम्सकाठ यांचा प्रतिसाद मला पुन्हा वाचायला लावला. मग तिन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले, पेन्सिलचं टोक एकाच ओळीवरून तिन्हींवर फिरवलं आणि म्हणाले, "पोराचंही पूर्ण तिकीट फाडलंय." तिन्ही कागदांवर जीबी १२,०५०. नातवाच्या कागदावरही! तो १४ वर्षांचा, त्याला माफ असायला हवं.

सकाळी एजंटना फोन केला. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तिकीटखिडकी

हे अगदी नेहमीचं आहे. विमान कंपनीच्या लेखी १२ वर्षं पूर्ण झाली की प्रवासी मोठा. ब्रिटनच्या कराच्या लेखी तो १६ पर्यंत लहान. मधल्या चार वर्षांतल्या मुलाची जन्मतारीख किंमत काढताना घातली नाही, तर सिस्टीम त्याला मोठा समजून कर लावते. तिकीट निघण्याआधी दिसलं हे फार चांगलं झालं.

थेम्सकाठ

बाबांना लंडनहून सलाम. त्यांना माझ्या घरी चहाला घेऊन या.

गोदाकाठ

नवा कागद आत्ता आला. मुलाच्या फोडीत के३ नंतर थेट यूबी आहे, जीबीची ओळ नाही. बाबांनी तिथे पेन्सिलने बरोबरची खूण केली, खाली सही केली आणि तारीख घातली. उद्या पैसे भरतोय.